सावली दाखवणारा कॅमेरा, लक्ष मोजणारा पट्टा

उज्जैनच्या वेधशाळेत दरवर्षी २१ जूनला भर दुपारी गर्दी होते. शंकू यंत्राच्या गोल चौथऱ्याभोवती शाळेची मुलं, पालक आणि हौशी मंडळी उन्हात उभी असतात आणि सगळ्यांची नजर मधल्या शंकूच्या पायाशी लागलेली असते. १२ वाजून २८ मिनिटांच्या सुमारास शंकूची सावली आखडत आखडत बुंध्याशी येते आणि दिसेनाशी होते. कर्कवृत्त इथून अगदी हाकेच्या अंतरावर आहे. मग हे बरोबर १२ वाजता का होत नाही, असं एखादं चुणचुणीत मूल विचारतंच. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आणि उज्जैन ७५.७७ अंशांवर. पावणेसात अंशांचा हा फरक, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे २७ मिनिटं. त्यात जूनच्या त्या दिवसांत सूर्य घड्याळाच्या पावणेदोन मिनिटं मागे चालत असतो. दोन्हींची बेरीज केली की १२.२८ चा हिशेब जुळतो.

हे सारं फळ्यावर समजावता येतं. दाखवणं मात्र कठीण. शेजारच्या सम्राट यंत्रावर, म्हणजे दगडी सूर्यघड्याळावर, वेळ वाचायची असेल तर भिंतीच्या सावलीची कड कमानीवरच्या खुणांमध्ये नेमकी कुठे आहे ते बघावं लागतं, आणि ती कड कधीच रेघेसारखी स्पष्ट नसते. सूर्यबिंब आकाशात अर्धा अंश रुंद दिसतं, म्हणून सावलीच्या कडेला दोन मिनिटांइतकी रुंद, धूसर पट्टी पडते. वाचणारा वाकतो, डोळा दगडाजवळ नेतो, एखादी पेन्सिल आडवी धरतो, तिची बारीक सावली भिंतीच्या सावलीत कुठे विरते ते बघतो, मग आकडा सांगतो. त्याच्या मागे उभ्या असलेल्या चाळीस मुलांना त्याची पाठ दिसते. पुण्यात किंवा न्यू जर्सीत पडद्यासमोर बसलेल्या मुलाला तर तिवईवरच्या कॅमेऱ्यातून फक्त ऊन आणि माणसं दिसतात. तोच कॅमेरा वाचणाऱ्याच्या कपाळावर असता तर? त्याचा डोळा जिथे जातो तिथे दूरच्या मुलाचा डोळाही गेला असता.

सवाई जयसिंगांनी ही वेधशाळा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधली. पडझड झाल्यावर ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. माणसाने स्वतः डोळा लावल्याशिवाय इथलं एकही यंत्र काही सांगत नाही. अंगावर वागवायच्या उपकरणांनी ऑनलाइन शिकवण्याला कितपत हातभार लागतो, या प्रश्नाचा आढावा इथून सुरू करण्याचं कारण तेच. गेल्या दहा-पंधरा वर्षांत चष्मे, घड्याळं, कपाळपट्टे, हातमोजे अशी नाना उपकरणं शिक्षणात आणून बघितली गेली. ती सगळी एका माळेतली नाहीत. काही उपकरणं शिकवणाऱ्याचं काम, त्याचा आवाज, त्याची नजर दूरच्या मुलापर्यंत पोहोचवतात. काही मुलाच्या अंगावर चढवून मुलालाच मोजत बसतात. पहिल्या जातीची बरीचशी उपयोगी ठरली. दुसऱ्या जातीने पैसा खाल्ला आणि विश्वासही गमावला.

शिकवणाऱ्याचं काम दूरवर पोहोचवण्याच्या गरजेचं आपल्याकडचं सर्वांत बोलकं चित्र जून २०२० मधलं आहे. टाळेबंदीत पुण्यातल्या एका रसायनशास्त्राच्या शिक्षिकेकडे फोन उभा करायला स्टँड नव्हता. तिने कपड्यांचा हँगर वरून लटकवला, चिंध्यांनी बांधून खुर्चीला ताणला, त्यात फोन अडकवला आणि फळ्यावर शिकवायला सुरुवात केली. तिचा फोटो देशभर फिरला. लोकांना जिद्द दिसली, आणि ती होतीच. पण त्या हँगरने एक तांत्रिक सत्यही दाखवलं होतं. शिक्षकाला दोन्ही हात मोकळे लागतात. एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने रेणूची रचना काढता येत नाही, परीक्षानळी हलवता येत नाही, लेथवर तुकडा बसवता येत नाही.

हात मोकळे ठेवून डोळ्यासमोरचं दाखवण्याचा पहिला गाजलेला प्रयोग गूगल ग्लासचा. २०१३ च्या वसंतात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातले अँड्र्यू व्हॅन्डन ह्यूवेल हा चष्मा घालून जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत गेले. ते ऑनलाइनच भौतिकशास्त्र शिकवणारे. महाकाय कणत्वरकाच्या बोगद्यात ते जे बघत होते ते मुलं दूर बसून बघत होती आणि प्रश्न विचारत होती. त्याच वर्षी चेन्नईत एका शस्त्रक्रियेचं ग्लासमधून प्रक्षेपण झालं. मे २०१४ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक शफी अहमद यांनी ग्लास घालून केलेली शस्त्रक्रिया शंभरहून अधिक देशांतल्या हजारो विद्यार्थ्यांनी थेट पाहिली. ऑपरेशन थिएटरच्या काचेमागून माना उंचावून बघणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा त्यांना जास्त दिसलं असणार, कारण सर्जनच्या खांद्याची आडकाठी नव्हती.

हे नुसतं नवलाईचं नव्हतं, याला पुरावाही आहे. लोगन फिओरेला, रिचर्ड मेयर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्युत मंडल जोडण्याचं काम एका गटाला करणाऱ्याच्या डोळ्यांतून चित्रित केलेलं दाखवलं, दुसऱ्याला समोरून. करणाऱ्याच्या बाजूने बघणाऱ्यांनी नंतर ते काम अधिक चांगलं केलं. समोरून पाहताना उजवं-डावं मनातल्या मनात उलटवावं लागतं, तो भार वाचला. स्वयंपाकघरात आईच्या पाठीशी उभं राहून, तिच्या खांद्यावरून डोकावत मोदकाच्या पाऱ्या पाहिलेल्या मुलीला हे कुणी समजावायला नको.

मग ग्लास गेला कुठे? किंमत १,५०० डॉलर, बॅटरी लवकर संपे, चष्मा तापे, आणि समोरच्या माणसाला आपलं चित्रण होतंय का हे कळेना. जानेवारी २०१५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीची विक्री थांबली. उद्योगांसाठीची आवृत्ती मार्च २०२३ मध्ये बंद झाली. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्सचीही तीच गत. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने २०२० मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या घरी हे हेडसेट पोहोचवले आणि शरीररचनेचे वर्ग हवेत तरंगणाऱ्या त्रिमित प्रतिमांवर घेतले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने कोविडच्या दिवसांत डॉक्टरांच्या डोक्यावरच्या होलोलेन्समधून विद्यार्थ्यांना वॉर्डातली फेरी घडवली. शिक्षण म्हणून दोन्ही प्रयोग उत्तम. पण २०२४ मध्ये होलोलेन्स २ चं उत्पादनच थांबलं. एका कंपनीच्या एका यंत्राभोवती अभ्यासक्रम उभा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. कंपनीचा हिशेब तिमाहीचा असतो, शाळेचा पिढीचा.

शाळेला होलोलेन्स परवडणारही नाही. गळ्यात अडकवायचा फोनहोल्डर मात्र काही शे रुपयांत मिळतो. छातीशी फोन, कॅमेरा खाली झुकलेला, हात मोकळे. आयटीआयमधला फिटरचा धडा किंवा बेडकाच्या विच्छेदनाऐवजी आता करतात ते फुलाचं विच्छेदन, दोन्हींना एवढं पुरतं. चित्र थोडं हलतं. कपाळावर बांधलेला कॅमेरा तर मान हलली की गरकन फिरतो आणि पडद्यापुढच्या मुलाला मळमळतं. म्हणून ज्यांना हे रोज करायचं आहे त्यांना आधी मान स्थिर ठेवायला शिकावं लागतं. एखाद्या दुपारच्या सरावाने ते जमतं.

नजरेनंतर आवाज. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण चष्म्यांपाशी रेंगाळतात आणि आवाजाला एका ओळीत उरकतात. खरं तर शिक्षणात सर्वांत जास्त काळ टिकलेलं, सर्वांत जास्त मुलांना उपयोगी पडलेलं अंगावरचं उपकरण आवाजाचंच आहे. कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या वर्गात शिक्षिकेच्या गळ्यात छोटा माइक आणि मुलाच्या श्रवणयंत्राला जोडलेला रिसीव्हर, ही एफएम पद्धत कित्येक दशकांपासून वापरात आहे. वर्गातला पंख्याचा आवाज, बाकांची खरखर, शेजारच्या वर्गातला पाढ्यांचा घोष, हे सगळं बाजूला सारून बाईंचा आवाज थेट कानात जातो. आजची श्रवणयंत्रं आणि कॉक्लिअर इम्प्लांट फोनशी बिनतारी जोडता येतात, त्यामुळे ऑनलाइन वर्गाचा आवाजही खोलीतल्या घुमण्यातून न जाता सरळ यंत्रात पोहोचतो. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून आणि मध्य प्रदेशच्या बालश्रवण योजनेतून मुलांवर कॉक्लिअर इम्प्लांटच्या शस्त्रक्रिया होतात. पण यंत्र बसलं म्हणजे मूल शिकलं असं होत नाही. ते वर्गातल्या माइकशी, घरातल्या फोनशी कसं जोडायचं हे शिक्षिकेला आणि आईला कुणी बसून दाखवलं नाही, तर काही लाखांचं यंत्र कानामागे नुसतं राहतं.

शिक्षकाच्या स्वतःच्या घशाचाही प्रश्न आहे. अमेरिकेत एरिक हंटर आणि इन्गो टिट्झे यांनी पन्नासहून अधिक शिक्षकांच्या गळ्याला कंपन टिपणारं छोटं यंत्र लावून मोजलं. कामाच्या वेळेत स्वरतंतू सुमारे ३० टक्के वेळ थरथरत होते. कामाबाहेरच्या वेळेत हेच प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास. त्याआधी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आवाज बिघडलेल्या ज्या शिक्षकांना कमरेला लावायचा ध्वनिवर्धक दिला, त्यांचा त्रास कमी झाला. नुसत्या ‘आवाज जपा, पाणी प्या’ अशा सल्ल्याने तेवढा फरक पडला नव्हता. ऑनलाइन वर्गात तर समोरून हुंकारही येत नाही. आपलं ऐकू जातंय की नाही या शंकेने शिक्षक नकळत ओरडू लागतो. कॉलरला लावायचा माइक असेल तर ती शंका राहत नाही. ऑनलाइन शिकवणाऱ्या शिक्षकासाठी शाळेला एकच वस्तू घेणं शक्य असेल, तर ती हीच असावी.

आवाजातली एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. परदेशातल्या मराठी घरांतली मुलं इथल्या गुरूंकडून पडद्यावर तबला-पेटी शिकतात.   समजा, गुरूंनी तीनतालाचा ठेका मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत धरला. म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. मुलाच्या कानात बिनतारी इअरफोन असतील तर आवाज शंभर ते दोनशे मिलीसेकंद उशिरा पोहोचतो. दोनशे धरले तर मात्रेचा दोन पंचमांश भाग इअरफोनमध्येच हरवला. समुद्रापलीकडून यायचा उशीर वेगळाच. मूल बिचारं समेवर येतं आणि गुरूंना ते घसरलेलं ऐकू येतं. इथे तारेचा साधा इअरफोन हाच अधिक चांगला, आणि एकत्र वाजवण्याचा हट्ट सोडून आधी गुरूंनी, मग शिष्याने वाजवायचं हीच रीत. मनगटावर ठोका देणारे मेट्रोनोम मिळतात. रियाजाला ते बरे, माइकमध्ये टिकटिक शिरत नाही. मात्र सम आणि खाली यांतला वजनाचा फरक ठोक्यात उतरत नाही, तो गुरूच्या हातातूनच यावा लागतो.

आवाजानंतर स्पर्श. जॉर्जिया टेक विद्यापीठात थॅड स्टार्नर यांच्या गटाने बोटांना क्रमाने थरथर देणारा हातमोजा केला. तो घालून दुसरं काहीतरी करत असतानाही लोकांना पियानोच्या धुनीतला बोटांचा क्रम पुष्कळसा लक्षात राहिला. पुढे याच तंत्राने ब्रेलच्या टंकलेखनाचे धडे देऊन पाहिले. अंध विद्यार्थ्यांच्या शिक्षकांनी या कामावर लक्ष ठेवायला हवं.

आता दुसरी जात, मुलालाच मोजणारी. २०१० मध्ये एमआयटीच्या रोझलिंड पिकार्ड यांच्या गटाने त्वचेतली विद्युतवाहकता मोजणारा मनगटी पट्टा एका विद्यार्थ्याच्या हाती आठवडाभर बांधला. निघालेल्या आलेखात व्याख्यानाच्या वेळी रेघ जवळजवळ सपाट होती. हा आलेख जगभरच्या भाषणांत दाखवला गेला, ‘बघा, वर्गात मेंदू झोपतो’ म्हणून. पण तो एकाच माणसाचा होता आणि मोजत होता घाम, मेंदू नव्हे. घाबरलेल्या मुलाच्या हाताला घाम येतो. गणित सुटण्याच्या बेतात असलेलं मूल कित्येकदा अगदी शांत असतं. तरीही गेट्स फाउंडेशनने असे पट्टे वर्गात वापरून बघायला पैसे दिले, आणि २०१२ मध्ये अमेरिकेतल्या शिक्षकांनी त्यावर टीकेची झोड उठवली.

चीनमध्ये प्रकरण पुढे गेलं. जिन्हुआतल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या डोक्याला मेंदूलहरी टिपणारे पट्टे बांधले होते. कपाळावरचा दिवा लाल असेल तर मूल एकाग्र, निळा असेल तर भरकटलेलं. आकडे बाईंच्या संगणकावर आणि पालकांच्या गटावर जात. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचे व्हिडिओ पसरले, लोक संतापले आणि स्थानिक शिक्षण विभागाने वापर थांबवला. दहा वर्षांच्या पोराच्या कपाळावर त्याच्या मनाचा दिवा लावायचा, आणि तो निळा झाला की घरी आईला कळवायचं, हे शिक्षण नाही. खिडकीबाहेरच्या चिमणीकडे बघण्याचा हक्क प्रत्येक मुलाला असला पाहिजे.

कायदा हळूहळू इथवर आला आहे. युरोपीय संघाने शाळांत आणि कामाच्या जागी यंत्राने भावना ओळखण्यावर फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली, वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा अपवाद ठेवून. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामासाठी सूट आहे. ‘शैक्षणिक काम’ या दोन शब्दांत किती काय बसवता येतं, हे पालकसभेत विचारलं गेलं पाहिजे. उद्या कुणी शाळेच्या दारात लक्ष मोजणाऱ्या घड्याळांची पेटी घेऊन आलं, तर तो प्रश्न आधीच विचारलेला असावा.

मुलांची माहिती शिक्षकाला कळूच नये असं मात्र नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात केनेथ होल्स्टाइन, ब्रूस मॅक्लारेन आणि व्हिन्सेंट अलेव्हन यांनी २०१८ मध्ये ‘लुमिलो’ नावाचा चष्मा करून पाहिला. मुलं संगणकावर गणितं सोडवतात आणि चष्मा घातलेल्या शिक्षकाला प्रत्येकाच्या डोक्यावर छोटं चिन्ह दिसतं: हा अडकलाय, ही नुसती सूचनांवर सूचना मागतेय, तो बराच वेळ थांबलाय. १८ वर्गांतल्या २८६ मुलांवर प्रयोग झाला. शिक्षक मागे पडलेल्या मुलांकडे जास्त वळले आणि त्या मुलांचा फायदाही जास्त झाला. इथे पट्टा मुलावर नव्हता, उपकरण शिक्षकाच्या अंगावर होतं. मोजलं गेलं ते मुलाने सोडवलेलं गणित. पडद्यावरच्या वर्गात शिक्षकाला हीच गोष्ट सगळ्यांत जास्त हवी असते, कुणाकडे वळू?

आभासी वास्तवाचे हेडसेट हा स्वतंत्र लेखाचा विषय. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये शेकडो विद्यार्थ्यांचा पूर्ण अभ्यासक्रम हेडसेटमध्ये घेतला आणि तो पार पडला. डोक्यावरचं वजन आणि मळमळ यांमुळे एका वेळी अर्ध्या तासापलीकडे ते लहान मुलांच्या उपयोगाचं नाही, एवढं इथे पुरे.

परीक्षेच्या खोलीत या साऱ्याची बाजू उलटते. राजस्थानात सप्टेंबर २०२१ मधल्या रीट परीक्षेत बिकानेरजवळ तळव्यात ब्लूटूथ यंत्र दडवलेल्या चपला पकडल्या गेल्या. ती परीक्षा शिक्षक होण्यासाठीची होती, हे वाचून कुणाही शिक्षकाच्या पोटात कालवेल. नीटला तर साधं मनगटी घड्याळही चालत नाही. वर्षभर जे वापरायला शिकवायचं ते परीक्षेला काढून ठेवायला लावायचं, ही ओढाताण आता कायमचीच.

आणि हे सगळं कोणाच्या अंगावर असणार आहे? आयडीसी या बाजारसंशोधन संस्थेच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये भारतात १३ कोटी ४० लाखांच्या आसपास वेअरेबल आले. त्यांतली बहुसंख्य कानातली. दुसरीकडे ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत शाळकरी मुलांच्या ग्रामीण घरांतलं स्मार्टफोनचं प्रमाण २०१८ मधल्या ३६.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. तरीही त्या फोनवाल्या घरांतल्या चारांतल्या एका मुलाच्या हाती तो येतच नव्हता. तो वडिलांबरोबर कामावर जाई. अशा घरातल्या मुलाला घड्याळ देऊन काय होणार? सरकारच्या स्वस्त आकाश टॅब्लेटच्या वेळी हे आपण पाहिलं आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये गाजावाजाने यंत्र आलं, त्यावर शिकवायचं काय हे मागाहून. त्या प्रकल्पाची धुरा पुढे आयआयटी मुंबईकडे आली, ती इंदूरच्या गोविंदराम सेकसरिया संस्थेत शिकलेल्या प्रा. दीपक फाटकांकडे. त्यांच्याच पुढाकाराने झालेलं दुसरं काम जास्त टिकाऊ ठरलं. देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत केंद्रं उभारून त्यांनी हजारो प्राध्यापकांना थेट दुहेरी संवादातून शिकवलं. आधी शिक्षक, मग यंत्र, हा क्रम माळव्यातून शिकून गेलेल्या माणसाने दाखवला होता.

उज्जैनमध्ये कपाळावरच्या कॅमेऱ्याला द्यावा असा धडा तयारच आहे. २१ जूनला वेधशाळेतली शंकूची सावली खरं तर पूर्ण नाहीशी होत नाही. कर्कवृत्त शहराच्या थोडं उत्तरेला, महिदपूर तालुक्यातल्या डोंगल्यावरून जातं, आणि तिथे वराहमिहिर वेधशाळा आहे. उज्जैनला एक मीटर उंचीच्या काठीची सावली त्या दिवशी चार-साडेचार मिलीमीटर उरते, दक्षिणेकडे. तिवईवरच्या कॅमेऱ्याला ती दिसणार नाही. वाकून, डोळा जमिनीशी नेऊन, पट्टी लावली तरच दिसेल. त्याच दिवशी दिल्लीत तेवढ्याच काठीची सावली ९ सेंटीमीटर, उत्तरेला. पुण्यात साडेआठ सेंटीमीटरहून किंचित जास्त, पण दक्षिणेला. तीन गावांतली मुलं, तीन काठ्या, गळ्यात फोन लावलेले तीन शिक्षक, आणि सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढायचा. उज्जैनचे सर १२.२८ ला आपली मिलीमीटरची सावली दाखवून होतील, तेव्हा पुण्याच्या मुलीला आपली काठी धरून अजून आठ मिनिटं थांबावं लागेल, कारण तिच्या गच्चीवर मध्यान्ह १२.३६ ला होतं.